केमिकल पील: कोणतं, कधी, आणि कोणी करूच नये (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न दवाखान्यात खुर्चीवर बसता बसता, व्हॉट्सअॅपवर चेहऱ्याच्या फोटोसकट आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढता वाढता विचारले गेलेत. भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. उत्तरं गव्हाळ ते सावळ्या त्वचेसाठी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांसाठी आहेत. गोऱ्या त्वचेसाठी लिहिलेले नियम इथे जसेच्या तसे लावले की गडबड होते, आणि ती निस्तरायला लोक माझ्याकडे येतात.

१. केमिकल पील म्हणजे नक्की काय? चेहरा सोलतात का?

सोलत नाहीत. ठरावीक ताकदीचं आम्ल ठरावीक वेळ चेहऱ्यावर ठेवलं की वरच्या मृत पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारी चिकटण सैल होते. त्या पेशी पुढच्या काही दिवसांत गळतात आणि खालचा नवा थर लवकर वर येतो. आम्ल किती खोल उतरतं यावरून वरवरचं, मध्यम आणि खोल असे तीन प्रकार पडतात. आपल्याकडे होणारी बहुतेक सगळी पील्स वरवरची, म्हणजे बाह्यत्वचेपुरती. ही बाह्यत्वचा चेहऱ्यावर जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे सगळा खेळ कागदाच्या एका पानाएवढ्या जागेत चालतो.

कल्पना जुनी आहे. हॅम्बुर्गचे त्वचातज्ज्ञ पॉल उन्ना यांनी १८८२ मध्येच सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, टीसीए (ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल) आणि फिनॉल यांचे त्वचेवरचे परिणाम लिहून ठेवले होते. ग्लायकोलिकच्या कुळातली आम्लं नंतर आली; व्हॅन स्कॉट आणि यू या जोडीनं १९७४ मध्ये ती माशाच्या खवल्यांसारख्या कोरड्या त्वचेच्या विकारात वापरून पाहिली, तिथून ती सौंदर्योपचारात शिरली.

२. माझ्यासाठी कोणतं पील चांगलं?

आधी डाग कशाचा आहे ते ठरवायचं, मग आम्ल. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात, कधी कधी चेहराही.

त्वचा तेलकट, नाकावर काळे ठिपके, मुरूम अजून येतायत, तर सॅलिसिलिक (दवाखान्यात सहसा २० ते ३० टक्के). ते तेलात विरघळतं, त्यामुळे छिद्रातल्या तेलकट बुचापर्यंत पोहोचतं. मुरूम थांबलेत आणि तपकिरी डाग राहिलेत, तर मँडेलिक किंवा ग्लायकोलिक. त्वचा कोरडी, चटकन लाल होणारी, किंवा पील पहिल्यांदाच करताय, तर लॅक्टिक किंवा मँडेलिकपासून सुरुवात. उन्हानं राकट झालेली त्वचा आणि बारीक सुरकुत्या असतील तर ग्लायकोलिक, किंवा अनुभवी हातानं कमी टक्क्यांचं टीसीए. वांग असेल तर प्रश्न ८ आधी वाचा, खड्डे असतील तर १०, मान किंवा काख काळी असेल तर ११. तीळ, चामखीळ आणि गालांवरचे ते बारीक काळे उंचवटे कुठल्याही पीलनं जात नाहीत.

३. ही आम्लं नैसर्गिक असतात ना? उसाचं, दुधाचं, बदामाचं असं ऐकलंय.

ग्लायकोलिक उसात असतं, लॅक्टिक आंबट दह्यात, मँडेलिकचा शोध कडू बदामातून लागला. पण दवाखान्यातल्या बाटलीतलं ग्लायकोलिक बहुधा कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं असतं. मी कोल्हापूरची, उसाच्या मुलखातली, तरी उसाचा रस तोंडाला चोळून कुणाचा डाग गेलेला पाहिला नाही.

आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे डोक्यातून काढा. बिब्बा पूर्ण नैसर्गिक आहे. कपड्यावर खूण करायला धोबी तो वापरायचे, कारण त्याचा डाग धुऊन जात नाही. तोच बिब्बा वांगावर लावून गालावर भाजल्याचा काळा चट्टा घेऊन आलेल्या आजी मी पाहिल्यात. लिंबू चोळून उन्हात गेलात तरी हातापायांवर ओघळांच्या आकाराचे तपकिरी डाग उठतात. लिंबातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा पोळते.

४. टक्के जास्त म्हणजे पील जास्त पॉवरफुल का?

नुसत्या टक्क्यांवरून काहीच कळत नाही. त्याच ३५ टक्के ग्लायकोलिकच्या दोन बाटल्या, एकीचा पीएच (आम्लतेचं माप) १ आणि दुसरीचा ३.५, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पीएच जितका कमी तितकं मोकळं आम्ल जास्त, तितका दाह जास्त. स्वस्त बाटल्यांवर टक्के ठळक छापतात आणि पीएच छापतच नाहीत.

दुसरी गोष्ट रेणूच्या आकाराची. ग्लायकोलिकचा रेणुभार ७६, लॅक्टिकचा ९०, मँडेलिकचा १५२. लहान रेणू झपाट्यानं आत जातो, मोठा रेंगाळत जातो. म्हणून मँडेलिक सावळ्या त्वचेला जास्त मानवतं: चूक झालीच तर सावरायला वेळ मिळतो.

तिसरी गोष्ट, ते थांबतं कसं. ग्लायकोलिक आपणहून थांबत नाही. घड्याळ लावून ठेवावं लागतं आणि वेळ झाली की सोड्याच्या पाण्यानं किंवा भरपूर साध्या पाण्यानं उतरवावं लागतं. सोड्यानं चेहऱ्यावर फेस येतो तो त्याचाच. सॅलिसिलिक आणि टीसीए आपापले थांबतात, तिथे हिशोब मिनिटांपेक्षा किती हात मारले याचा.

शिकत असताना माझ्याकडून एकदा ग्लायकोलिकचा थेंब नाकपुडीच्या घडीत साचला. बाकी चेहरा नुसता गुलाबी, आणि घडीत तांदळाएवढा पांढरा ठिपका. त्या मुलीच्या तिथे दोन महिने तपकिरी डाग राहिला. तेव्हापासून नाकाच्या घड्या, डोळ्यांचे कोपरे आणि ओठांच्या कडांना आधी व्हॅसलीन लावल्याशिवाय मी बाटलीचं बूच उघडत नाही.

५. माझी त्वचा सावळी आहे. पील चालेल का?

चालेल, पण वरवरचं. उन्हात त्वचा किती भाजते आणि किती काळवंडते यावरून फिट्झपॅट्रिक या डॉक्टरांनी १९७५ मध्ये प्रतवारी मांडली, ती आज १ ते ६ अशी वापरतात. भारतीय त्वचा बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारात बसते. हिच्यातल्या रंगपेशी भलत्याच जागरूक असतात. मुरूम, चटका, खाजवणं, आम्ल, कुठलाही दाह झाला की त्या जास्त रंग तयार करतात. डास चावल्याचा डाग आपल्याकडे महिनाभर राहतो तो यामुळेच. पील थोडं जास्त झालं की जो डाग घालवायला आलात त्याहून गडद डाग घेऊन जाल.

म्हणून माझा नियम असा, की आपल्या त्वचेत कमी ताकदीची सहा पील्स एका जोरदार पीलपेक्षा बरी. फिनॉलचं खोल पील सावळ्या त्वचेसाठी नाहीच. त्यानं कायमचे फिकट पट्टे राहू शकतात, शिवाय फिनॉल रक्तात शोषलं गेलं की हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो, त्यामुळे ते मॉनिटर लावूनच करावं लागतं.

६. डॉक्टरांनी पील करायचं सोडून महिनाभर क्रीमच लावायला सांगितलं. वेळ काढतायत का?

उलट, तसं सांगणाऱ्या डॉक्टरांकडेच पील करा. या तयारीला प्रायमिंग म्हणतात आणि तिला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. रोज सनस्क्रीन, रात्री कमी ताकदीचं ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध), गरजेप्रमाणे हायड्रोक्विनोन किंवा तत्सम डाग कमी करणारं क्रीम. यानं वरचा थर एकसारखा होतो, त्यामुळे आम्ल सगळीकडे सारखं उतरतं आणि रंगपेशीही जरा शांत होतात. शिवाय तुम्ही सांगितलेलं करता की नाही हे डॉक्टरांना कळतं. ज्यांच्याकडून महिनाभर सनस्क्रीन लावणं होत नाही त्यांच्याकडून पीलनंतरची काळजी होणार नाही.

पीलच्या साधारण आठवडाभर आधी ट्रेटिनॉइन, स्क्रब, ब्लीच, थ्रेडिंग आणि वॅक्सिंग बंद.

७. खुर्चीवर नेमकं काय होतं? दुखतं का?

चेहरा धुऊन, स्पिरिट किंवा अॅसिटोननं तेल पुसून काढतात. डोळ्यांवर ओला कापूस. मग ब्रशनं किंवा कापसाच्या बोळ्यानं कपाळ, गाल, हनुवटी आणि सगळ्यात शेवटी नाक, असं भराभर लावतात. पंखा किंवा छोटा फॅन तोंडावर धरतात; तो नसेल तर मागून घ्या, बराच फरक पडतो.

ग्लायकोलिक मुंग्या चावल्यासारखं चुरचुरतं. सॅलिसिलिकची आग पहिल्या एक-दोन मिनिटांत चढते आणि मग आपोआप उतरते. तेवढ्यात चेहऱ्यावर पावडर लावल्यासारखा पांढरा थर येतो. ते फक्त वाळलेले स्फटिक, पुसले की जातात. टीसीएचा पांढरेपणा वेगळा. तिथे त्वचेतली प्रथिनं खरोखर गोठतात, अंड्याचा पांढरा भाग तव्यावर शिजतो तसं. तो पुसून जात नाही, त्याचं त्यानंच ओसरावं लागतं. दोन्ही पांढरे, पण यातला फरक ज्याला कळत नाही त्यानं ब्रश हातात धरू नये.

८. मला वांग आहे. किती पील्समध्ये जाईल?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त निराश करणारं उत्तरही हेच. वांग पीलनं बरा होत नाही. तो फिकट होतो आणि संधी मिळाली की परत येतो.

वांगाच्या मुळाशी ऊन, संप्रेरकं (गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या) आणि घराण्यातला वारसा असतो. आईला असेल तर मुलीला येण्याची शक्यता बरीच. त्यात मुख्य उपचार सनस्क्रीन आणि क्रीम. पील त्यांच्या जोडीला, ढकलगाडीला मागून दिलेला हात म्हणून. साधारण दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं ग्लायकोलिक, मँडेलिक किंवा लॅक्टिक. रंग बाह्यत्वचेत असेल तर फरक दिसतो. राखाडी-निळसर झाक असलेला खोलवरचा वांग पीलला दाद देत नाही, तिथे आम्लाची ताकद वाढवणं म्हणजे आगीत तेल.

सनस्क्रीनबाबत एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. वांगाला नुसते उन्हातले अतिनील किरणच नाही, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही चिथावतो. पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. लोहाचे ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्या. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांबभर पिळून येईल तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. बहुतेक जण वाटाण्याएवढं लावतात आणि सनस्क्रीनलाच नावं ठेवतात.

ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्यांचाही वांगात उपयोग होतो, पण पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर त्या घ्यायच्या नाहीत. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर तर अजिबातच नाहीत.

९. मेडिकलमधून आणलेल्या क्रीमनं चेहरा छान उजळ राहतो, पण बंद केलं की लाल होतो. आता पील करून घेऊ का?

नको. आधी त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचं त्रिकूट १९७५ मध्ये अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ क्लिगमन यांनी वांगासाठी सुचवलं. औषध म्हणून ते खोटं नाही, पण ते काही आठवडे डॉक्टरांच्या नजरेखाली लावायचं असतं. आपल्याकडे ते वर्षानुवर्षं गोरेपणाचं क्रीम म्हणून लावलं जातं, शेजारणीकडून शेजारणीकडे जातं. २०१८ मध्ये सरकारनं त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइड्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी मेडिकलवाल्याला नाव सांगितलं की ट्यूब मिळते.

अशा चेहऱ्याची त्वचा पातळ झालेली असते, लाल शिरा दिसतात, हनुवटीवर लव वाढते. तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांचं पीलही जास्त खोल उतरतं. क्रीम डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू सोडवायचं, त्वचा शांत व्हायला काही महिने द्यायचे, पीलचा विचार त्यानंतर.

१०. मुरमांचे खड्डे पीलनं भरतात का?

वरवरच्या पीलनं नाही. रंग सुधारतो, त्यामुळे खड्डे कमी वाटतात एवढंच. सुईनं टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांसाठी मात्र टीसीएचीच एक खास पद्धत आहे. लाकडी काडीच्या टोकानं अति तीव्र टीसीए फक्त खड्ड्याच्या तळाशी टेकवायचं, आजूबाजूला नाही. कोरियातल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये ६५ आणि १०० टक्के टीसीए वापरून ती मांडली, तिला क्रॉस म्हणतात. हे वाचून घरी टूथपिक उचलू नका. सावळ्या त्वचेत खड्ड्याभोवती काळं कडं राहू शकतं आणि कधी खड्डा उलट रुंद होतो. पसरट, लाटांसारख्या खड्ड्यांना सबसिजन (त्वचेखाली सुई घालून खड्डा खेचणारे तंतू सोडवणं), मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) किंवा लेझर लागतं.

११. मान आणि काख काळी आहे. घासून जात नाही. तिथे पील?

मानेची त्वचा जाडसर, मखमलीसारखी वाटते का? मंगळसूत्राच्या किंवा सोनसाखळीच्या रेषेपुरतीच नाही, सगळीकडे? तर तो बहुधा मळही नाही आणि डागही नाही. रक्तात इन्सुलिन वाढल्याची ती खूण असू शकते. आधी वजन, कंबर आणि साखर पाहा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना आया मान घासून घासून रक्त काढून आणतात, तेव्हा मी आधी घरात कुणाला मधुमेह आहे ते विचारते. वजन उतरलं की मान आपोआप उजळते. पील जोडीला चालतं, पण साखर तपासल्याशिवाय मानेवर पीलची पॅकेजं विकणाऱ्यांना मी चांगलं म्हणणार नाही.

काखेत आधी रेझर, केस काढायची क्रीमं आणि सुगंधी रोल-ऑन दोन महिने बंद करून बघा. बऱ्याच जणींना पुढे काही लागतच नाही.

१२. कपाळावर टिकलीच्या जागी, कानाजवळ केसांच्या कडेनं काळपट झालंय. हाही वांगच का?

शक्यता कमी. टिकलीच्या जागी गोल खाज आणि काळेपणा येतो तो तिच्या गोंदामुळे; त्यातल्या एका रसायनानं तिथे कोडासारखा पांढरा डागही पडतो. कानाजवळ, कपाळाच्या कडेला, मानेवर राखाडी-तपकिरी पसरट डाग असतील तर केसांचा काळा रंग, सुगंधी तेल, अत्तर यांचा संशय घ्या. काळ्या हेअर डायमधल्या पीपीडी या रसायनाची अॅलर्जी खाज न येताही नुसता रंग सोडून जाऊ शकते. इथे पील करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. पॅच टेस्ट करून घ्या, ती वस्तू बंद करा, मग बघू.

१३. पीलनंतर साल निघालीच नाही. पैसे वाया गेले का?

नाही. लॅक्टिक, मँडेलिकनंतर बऱ्याचदा डोळ्यांना काही दिसत नाही. किती साल निघाली हे यशाचं माप नव्हे.

१४. घरी आल्यावर काय करायचं, आणि डॉक्टरांना कधी फोन करायचा?

पहिला दिवस घट्टपणा आणि गुलाबीपणा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तोंडाभोवती पापुद्रे सुटायला लागतात, आठवड्यात सगळं आवरतं. टीसीए झालं असेल तर आधी चेहरा तपकिरी, भाजल्यासारखा दिसतो आणि नंतर साल जाते. ते घाबरण्यासारखं नाही. साध्या फेसवॉशनं धुवायचं, दिवसातून तीन-चार वेळा बिनवासाचं मॉइश्चरायझर, सकाळी-दुपारी सनस्क्रीन. स्क्रब, वाफ, जिम आणि पोहणं काही दिवस बंद. पापुद्रा लोंबत असेल तर कात्रीनं कापा, ओढू नका. ओढलेल्या जागी डाग राहतो, आणि आमच्याकडे परत येणाऱ्यांत ओढणारेच जास्त असतात.

वेदना कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या, पाण्याचे फोड आले, पिवळा स्राव किंवा खपली धरली, एकाच जागी लाली दोन आठवडे टिकली, तर लगेच दाखवा. ओठाशेजारी बारीक फोडांचा पुंजका दिसला तर त्याच दिवशी, कारण ते नागिणीच्या कुळातल्या विषाणूचं काम असतं आणि गोळ्या लवकर सुरू कराव्या लागतात.

१५. पुढच्या महिन्यात लग्न आहे. आता पील केलं तर चालेल का?

तयारी झालेली नसेल (प्रश्न ६) तर नाही. लग्नासाठी यायचं तर चार-पाच महिने आधी या, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी पावसाळ्याच्या सुरुवातीला. शेवटचं पील लग्नाच्या निदान तीन-चार आठवडे आधी. त्वचा नवी असताना हळदीचा जाड लेप चोळला तर आग होते. मुलीच्या मावशीला आधीच सांगून ठेवा, हळद गालांना टेकवायची, घासायची नाही. लग्नाआधीच्या आठवड्यात नवं काहीच करायचं नाही, फेशियलसुद्धा नाही.

१६. शेतात किंवा बाहेर उन्हात काम आहे. उन्हाळ्यात करू का?

एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर-नागपूरकडे दिवसभर बाहेर असाल तर थांबा, पावसाळ्यात किंवा थंडीत करा. ऑफिसात बसणाऱ्यांना बारा महिने चालतं, पण दुचाकीवर चेहरा रुमालानं झाकला तरी सनस्क्रीन लावायचंच, पातळ कापडातून ऊन येतं. ऊसतोड, बांधकाम, रस्त्यावरची विक्री असं काम असेल आणि सुट्टी मिळणार नसेल, तर मी पीलऐवजी क्रीमच देते.

१७. गरोदर आहे. चालेल का?

सॅलिसिलिक, टीसीए, रेटिनॉलचं पिवळं पील आणि ट्रेटिनॉइन नको. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक सुरक्षित मानतात, तरी मी बहुतेकींना थांबवते, कारण गरोदरपणात आलेला वांग बाळंतपणानंतर बऱ्याचदा आपोआप फिकट होतो. बाळाला पाजत असाल तर हलकं पील चालतं, छाती-मान सोडून.

१८. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतेय. सहा महिने थांबायलाच हवं का?

हा जुना नियम. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आणि भारतातल्या तज्ज्ञांनी पुरावे पुन्हा तपासले आणि वरवरच्या पीलसाठी तो सैल केला. मध्यम आणि खोल पीलबाबत अजून सावधच राहतात. या गोळ्यांनी त्वचा कोरडी, चिरकी होते, त्यामुळे ताकद कमी ठेवावी लागते. गोळी चालू आहे हे न सांगता पील करून घेणं मात्र कधीही चूक.

१९. पील कोणी करूच नये?

चेहऱ्यावर जखम, इसब किंवा ओठावर फोड असताना. पसरत चाललेलं कोड, सोरायसिस किंवा लायकेन प्लॅनस असेल तर, कारण त्वचेला जिथे इजा होते तिथे तोच आजार उगवतो. जखमेचे व्रण फुगून वाढतात अशांनी मध्यम आणि खोल पील टाळावं. अॅस्पिरिनची अॅलर्जी असेल तर सॅलिसिलिक नको. शिवाय सॅलिसिलिक एकाच वेळी पाठ, छाती, हात असं मोठ्या भागावर लावलं तर रक्तात शोषलं जाऊन कानात गुणगुण, मळमळ होऊ शकते. पाठीचे मुरूम टप्प्याटप्प्यानं घ्यायचे.

आणि एका पीलनं चेहरा बदलेल अशी आशा घेऊन आलेल्यांनीही. त्यांना मी चहा पाजून परत पाठवते.

२०. ऑनलाइन मिळणारी पील्स घरी केली तर?

रोजच्या वापराचं, १० टक्क्यांपर्यंतचं आणि पीएच ३.५ किंवा त्याहून जास्त असलेलं टोनर किंवा सीरम वेगळं, ते बहुतेकांना चालतं. ३० टक्क्यांच्या वरचं ग्लायकोलिक किंवा कितीही टक्क्यांचं टीसीए घरी नको. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशी तीव्र पील्स विकत घेऊन घरी वापरू नका असा लोकांना जाहीर इशारा दिला होता. स्वतःच्या चेहऱ्यावर लावताना आरशात नाकाची घडी दिसत नाही, आणि प्रश्न ४ मधला पांढरा ठिपका नेमका तिथेच पडतो.

२१. पार्लरमध्येही पील करतात, स्वस्तात. फरक काय? आणि कार्बन पील, हायड्राफेशियल?

पार्लरमधल्या ताई हातानं कुशल असतात, यात शंका नाही. पण डाग वांगाचा की हेअर डायचा, चेहऱ्यावर स्टिरॉइड लागलंय की नाही, हे ओळखणं त्यांचं काम नाही, आणि फोड आला तर औषध लिहून देता येत नाही. त्वचारोगाची एमडी, डीएनबी किंवा डीडीव्ही, डीव्हीडी ही पदविका आहे का ते विचारा. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पडताळता येतो. बाटली तुमच्यासमोर उघडावी, नाव आणि टक्के केसपेपरवर लिहावेत. लिहीत नसतील तर उठा.

कार्बन पील हे नावाचंच पील, तो कोळशाच्या लेपावर मारलेला लेझर. हायड्राफेशियल म्हणजे पाण्याच्या झोतानं आणि व्हॅक्यूमनं केलेली सफाई, फार तर सौम्य आम्लासह.

२२. पुरुषांनी केलं तर चालतं का?

चालतं. त्या दिवशी सकाळी दाढी करू नका, नंतरही दोन-तीन दिवस नको. वस्तऱ्यानं वरचा थर आधीच खरवडला गेलेला असतो.

२३. आम्ही परदेशात असतो, डिसेंबरात तीन आठवडे येतो. तेवढ्यात होईल का?

एखादं हलकं पील, तेही आल्या आल्या, आणि तिकडे असतानाच महिनाभर क्रीम सुरू केलेलं असेल तर. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी नाही, कारण साल निघायची ती तिकडे निघेल आणि दाखवायला कुणी नसेल. तिकडच्याच डॉक्टरांकडे करणार असाल तर त्यांना पहिल्याच भेटीत सांगा की जखम झाली की माझ्या त्वचेवर काळा डाग राहतो. गुडघ्यावरचा जुना व्रण दाखवलात तरी चालेल.

२४. किती वेळा करावं लागतं?

दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं चार ते सहा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेनंतर फोटोत काहीच फरक नसेल तर पुढची चार करण्याऐवजी डाग कशाचा आहे हे निदानच पुन्हा तपासावं. म्हणून सगळ्या वेळांचे पैसे आधी भरून घेणारं पॅकेज मला पटत नाही.

२५. पीलनं गोरं होता येतं का?

नाही. उन्हानं चढलेला काळपटपणा उतरू शकतो. दंडाच्या आतल्या बाजूला पाहा; तो तुमचा मूळ रंग, त्याच्या पलीकडे कुठलंही आम्ल नेत नाही.

२६. दुसरीकडे पील केलं आणि डाग आधीपेक्षा गडद झालाय. आता काय?

पहिली गोष्ट, तो घालवायला लगेच दुसरं पील करू नका, ही सगळ्यात महाग चूक. आम्ल असलेली सगळी क्रीमं थांबवा, मॉइश्चरायझर आणि छटा असलेलं सनस्क्रीन (प्रश्न ८) लावा आणि आठवडाभरात दाखवून घ्या. लाली अजून असेल तर थोडे दिवस सौम्य स्टिरॉइड देतात, डॉक्टरांच्या हिशोबानं. वरवरच्या थरातला डाग बहुतेकदा तीन ते सहा महिन्यांत फिकट होतो. खोलवर गेलेला जास्त घेतो. येताना त्या दिवशीचा फोटो, बिल आणि शक्य असेल तर बाटलीचा फोटो आणा. कोणतं आम्ल, किती टक्के आणि किती मिनिटं, एवढं कळलं तरी आमचं अर्धं काम होतं.